चवथ ते दसरा: गोव्याहून अलास्काच्या गरम झऱ्यांवर

गोव्यात अलास्का हे नाव कुणाला नवं नाही. क्रूझवर नोकरीला असलेला एखादा तारवटी प्रत्येक वाड्यावर सापडतो आणि जुनो, केचिकान, स्कॅगवे ही बंदरं त्याला तोंडपाठ असतात. पण तो अलास्का समुद्रकाठचा, पावसाळी, आणि ती जहाजं मुख्यतः मे ते सप्टेंबर फिरतात. हा लेख आहे आतल्या अलास्काबद्दल. तिथे फेअरबँक्स नावाचं शहर आहे. त्याच्या ईशान्येला साधारण ९० किलोमीटरवर रस्ता जिथे संपतो, तिथे चेना हॉट स्प्रिंग्स नावाचं रिसॉर्ट आहे. गोवा साडेपंधरा अक्षांशावर, तर हे ठिकाण ६५ वर, आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम दीड अंश खाली. शरदात तिथे दिवसा पिवळी पडलेली झाडं, रात्री उघड्यावरचं गरम पाणी आणि आकाश निरभ्र असेल तर अरोरा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा तो हिरवा प्रकाश, असं तिन्ही एका फेरीत पदरात पडू शकतं. त्यासाठी कोटापेक्षाही आधी तारखेचा विचार करावा लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

तारीख: कालनिर्णय हातात घ्या

फेअरबँक्स भागात अरोराचा हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धरतात. उन्हाळ्यात अरोरा नसतो असं नाही, पण रात्रच होत नाही तर दिसणार कसा? बरेच लोक डिसेंबर ते मार्च निवडतात. त्या दिवसांत तिथे पारा उणे ३० पर्यंत सहज उतरतो. ज्यानं पणजीच्या जानेवारीपलीकडे थंडी पाहिलेली नाही, त्याला पहिल्याच फेरीत तिथे पाठवावं असं मला वाटत नाही. सप्टेंबरमध्ये दिवसाचं तापमान दहा-बाराच्या घरात असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते दिवसा पाचाच्या आसपास आणि रात्री शून्याखाली जातं. एवढी थंडी नीट कपडे घातले की सहन होते.

झाडांचे रंग हवे असतील तर ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ. बर्च आणि ॲस्पेन त्या दोन-तीन आठवड्यांत पिवळेधमक होतात आणि एका वाऱ्यात उघडेही पडतात. आता अडचण बघा. बहुतेक वर्षी हाच काळ चवथीचा. चवथीला गोव्याबाहेर राहायचं म्हटलं तर घरात कुणी बोलणार नाही, आणि घरात दीड दिवसाऐवजी पाच किंवा सात दिवसांचा गणपती असेल तर विषयच संपला.

म्हणून गोव्यातल्या माणसासाठी सोयीचा काळ चवथीनंतर सुरू होतो, आणि त्यातला उत्तम पंधरवडा नेमका पितृपक्षाचा. कारण खगोलातलं आहे. अरोरा फिकट असेल तर चंद्राच्या उजेडात हरवतो आणि पितृपक्षात चंद्र रोज झिजत असतो. त्यातही दशमी-एकादशीपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंतचे दिवस धरा. आधीच्या आठवड्यातला कृष्णपक्षाचा चंद्र या ऋतूत त्या उत्तरेकडे लवकर उगवतो आणि आकाशात बराच वर चढतो. अमावास्येनंतरचे नवरात्राचे पहिले चार-पाच दिवसही चांगले, कारण तेव्हाची चंद्रकोर तिथे क्षितिजाजवळच रेंगाळून मावळते. शिवाय वर्षातले दोन विषुवदिन, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरची अखेर, या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आणि सौरवाऱ्याची गाठ जास्त पडते आणि अरोरा अधिक वेळा उजळतो.

२०२६ साली चवथ १४ सप्टेंबरला आहे, सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला. त्या वर्षी चेनामध्ये ६ ते ११ ऑक्टोबरमधल्या कुठल्याही तीन-चार रात्री मिळाल्या तर घ्याव्यात. पानं तोवर गळलेली असतील, पण रात्र काळीकुट्ट मिळेल. २०२७ मध्ये चवथ ४ सप्टेंबरलाच असल्यानं सर्वपित्री सप्टेंबरअखेर येते आणि हिशेब आणखी चांगला जमतो. मात्र घरच्या महालयाची तिथी आधी बघून घ्या. नवरात्रात देवळात मखरोत्सवाची सेवा तुमच्या घराण्याकडे असेल तर तीही तारीख वजा करा. पितृपक्षात प्रवास करू नये असं मानणारे घरात असतील, तर त्यांची समजूत काढण्याचं काम या लेखाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

व्हिसा: वर्षभर आधी हालचाल

भारतीय पासपोर्टवर बी१/बी२ व्हिसा लागतो. गोवा मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. क्रम असा: आधी डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, मग फी भरून दोन वेगवेगळ्या तारखा घ्यायच्या, एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दूतावासातल्या मुलाखतीसाठी. मूळ फी १८५ डॉलर आहे. शुल्काचे नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरचा आकडाच खरा माना. दोन्ही तारखा लागोपाठच्या दिवशी मिळवल्या की कोकणकन्येनं रात्री निघून दुसऱ्या रात्रीचा मुक्काम मुंबईत करून परतता येतं. मुलाखतीच्या तारखेसाठी कित्येक महिने थांबावं लागू शकतं. म्हणून यंदाची चवथ झाली की पुढच्या वर्षीच्या फेरीसाठी अर्ज भरायला घ्या. व्हिसा मिळाला तर साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे लवकर काढून काही वाया जात नाही.

मुलाखतीत "अलास्काच का?" असा प्रश्न आला तर खरं ते सांगा, थोडक्यात सांगा. बँकेचं स्टेटमेंट, रजेचं पत्र, घर-धंद्याचे कागद जवळ असावेत. एजंटानं पढवलेली उत्तरं टाळावीत.

गोव्यापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली तारवटींची. तुमच्या पासपोर्टवरचा सी१/डी व्हिसा जहाजावर कामाला जाण्यासाठी असतो. त्यावर सुटी घालवायला जाता येत नाही. काहींच्या पासपोर्टवर सी१/डीसोबत बी१/बी२ देखील असतो, तो आहे का ते पानं उलटून बघा. दुसरी गोष्ट पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांची. पोर्तुगाल अमेरिकेच्या व्हिसामाफीच्या यादीत असल्यानं त्यांना सहसा ऑनलाइन एस्टा परवानगी पुरते, ९० दिवसांपर्यंत. पण ती व्हिसा नव्हे, मुदतवाढ मिळत नाही. आणि भारतात परत यायला ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागणार हे जाताना विसरू नका. घरात नवऱ्याचा पासपोर्ट एक आणि बायकोचा दुसरा असेल, तर दोघांचे मार्ग वेगळे धरून त्यातला जो सावकाश त्याच्या गतीनं तिकिटं काढा.

विमान आणि जेट लॅगचा फायदा

गोव्याहून सिॲटलपर्यंत पोचणं हा प्रवासाचा मोठा भाग. दिल्लीमार्गे, मुंबईमार्गे किंवा आखातातून, दोहा आणि दुबई दोन्हीकडून सिॲटलला थेट विमान असतं. निवडताना भाड्यापेक्षा एक गोष्ट बघा: मोपा किंवा दाबोळीपासून फेअरबँक्सपर्यंत सगळे टप्पे एकाच तिकिटावर आहेत का. तसं असेल तर मध्ये विमान चुकलं तरी पुढची सोय करणं त्यांच्यावर येतं. सुटी तिकिटं स्वस्त पडतात, पण एक विमान उशिरा आलं की पुढचं सगळं तुमच्या खिशातून. काणकोण-सांग्याकडच्यांनी मोपाचं तिकीट घेण्यापूर्वी पेडण्यापर्यंतची रात्रीची टॅक्सीही हिशेबात धरावी.

अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि तिथे सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं, गोव्यात शेवटपर्यंतचा टॅग लावला असला तरी. यासाठी सिॲटलमध्ये किमान तीन तास हवेत, त्याहून जास्त असले तर उत्तम. सिॲटल ते फेअरबँक्स साडेतीन-चार तासांचं विमान आहे. ज्यांच्याकडे दिवस भरपूर आहेत त्यांनी अँकरेजला उतरून रेल्वेनं फेअरबँक्सला जाण्याचा विचार करावा. साधारण बारा तासांचा, डेनाली पर्वताच्या बाजूनं जाणारा रस्ता आहे. उन्हाळी रोजची गाडी सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच असते, त्यानंतरची हिवाळी गाडी आठवड्याच्या शेवटी उत्तरेकडे शनिवारी आणि परत रविवारी धावते.

आता कार्यक्रम कसा लावायचा? बहुतेक पॅकेजं आधी सिॲटल किंवा अँकरेज दाखवतात आणि चेना शेवटी ठेवतात. माझं मत उलटं आहे. शरदात अलास्काचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. अरोरा बहुधा रात्री अकरा ते पहाटे तीन या वेळात दिसतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते साडेचार. पहिल्या तीन-चार रात्री तुमचं शरीर गोव्याच्याच वेळेवर असतं, पहाटे दोनला डोळे टक्क उघडे. चार दिवसांनी शरीर तिकडच्या रात्रीला सरावलं की त्याच वेळी उठणं शिक्षा वाटतं. म्हणून फेअरबँक्सला उतरल्यावर एक रात्र तिथे काढायची आणि लगेच चेना गाठायचं. शहर पाहणं, खरेदी, सिॲटलच्या भाच्याकडचं जेवण, हे सगळं नंतर.

चेनामध्ये किती रात्री? किमान तीन. फेअरबँक्सचं पर्यटन मंडळ सांगतं की हंगामात तीन रात्री राहून रोज बाहेर पडलात तर अरोरा दिसण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त. आकडा जाहिरातीचा आहे असं धरलं तरी त्यामागचा हिशेब बरोबर आहे: एखादी रात्र ढगाळ जातेच. एका रात्रीसाठी एवढ्या लांब जाणं म्हणजे जुगार. खोल्या सहा-आठ महिने आधी भरू लागतात, आणि अमावास्येच्या आसपासच्या आधी.

फेअरबँक्सहून चेना

डांबरी रस्ता थेट रिसॉर्टच्या दारात संपतो. साधारण दीड तासाचा प्रवास. रस्त्यावर सार्वजनिक बस नाही. एकतर रिसॉर्टची किंवा सहलवाल्यांची गाडी आधी ठरवून जायचं, नाहीतर भाड्याची मोटार. मोटार घेणार असाल तर गोव्यातल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. मूळ परवानाही सोबत हवा. पेट्रोल फेअरबँक्समध्येच पूर्ण भरा. वाटेत बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

गाडी उजव्या बाजूनं चालवायची, हे एका दिवसात जमतं. बर्फ मात्र एका दिवसात जमत नाही. फेअरबँक्समध्ये पहिला बर्फ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधीही पडू शकतो. सावलीतल्या वळणावर काळ्या डांबरासारखाच दिसणारा पातळ बर्फ असतो, आणि ब्रेक मारताच गाडी फिरते. तिकडे १६ सप्टेंबरपासून खिळ्यांचे टायर लावायला कायद्यानं मुभा आहे. गाडी घेताना हिवाळी टायर आहेत का ते विचारा. आणि ऑक्टोबरमध्ये जात असाल तर स्पष्ट सांगतो, गाडी चालवूच नका, शटलनं जा. सप्टेंबरात हरकत नाही, पण संध्याकाळ आणि पहाट टाळा. तेव्हा रस्त्यावर मूस येतो. हे तिकडचं प्रचंड हरीण घोड्याएवढं उंच असतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याच्या माजाचा काळ. रस्त्याकडेला मूस दिसला तर गाडीतून उतरून फोटो काढायला जाऊ नका.

कपडे

इथे लोक चुकीच्या जागी पैसे घालतात. जाडजूड कोट एकदाच वापरला जातो, अंगालगतचा थर रोज लागतो. अंगाला चिकटणारे लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियान घालू नका. घाम आला की ती ओली राहते आणि रात्री दोन तास उभं राहायचं असेल तर तीच थंडी आत आणते. पॅंटखालीही थर्मल हवंच. लोकरीचे मोजे दोन जोड्या, आणि बूट असे की जाड मोजा घालूनही बोटं हलतील. बूट घट्ट असला की रक्त अडतं आणि कितीही जाड मोजे असले तरी पाय गारठतात. कानटोपी, हातमोजे, आणि हातमोज्यांत घालायच्या उष्णतेच्या पुड्या. या पुड्या फेअरबँक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतात, इथून न्यायची गरज नाही. खोबरेल तेल तिथे पहिल्याच रात्री दगड होतं, ओठांना व्हॅसलिन न्या.

हवा कमालीची कोरडी असते. गोव्याच्या दमट हवेत वाढलेल्या कातडीला दुसऱ्या दिवशीच भेगा दिसू लागतात. अंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत मलम लावायचं.

पाण्यात उतरणं

गरम पाण्याचे झरे आपल्याला परके नाहीत. मुंबईच्या रस्त्यावर राजापूरचं उन्हाळे लागतं, पुढे संगमेश्वराजवळ तुरळ-राजवाडी आहे. चेनाच्या झऱ्यामागेही ज्वालामुखी नाही. ग्रॅनाइटच्या भेगांतून पाणी खोल उतरतं, तिथे तापतं आणि वर येतं. वर आलेलं पाणी सुमारे ७४ अंशांचं असतं, मग ते निववून तळ्यात सोडतात.

१९०५ मध्ये रॉबर्ट आणि थॉमस स्वान हे खाणीवरचे दोघे भाऊ हा झरा शोधत इथे पोचले. रॉबर्टला संधिवात होता. सोनं शोधायला आलेल्यांच्या छावण्यांत बातमी पसरायला वेळ लागला नाही. केसरव्हाळच्या झरीवर त्वचेच्या तक्रारी घेऊन पावसाळ्यात जी गर्दी होते, तीच श्रद्धा तिथेही होती. औषध म्हणून त्यात किती तथ्य हा वाद बाजूला ठेवू. प्रवासानं आखडलेली पाठ मात्र मोकळी होते.

मुख्य आकर्षण म्हणजे उघड्यावरचं दगडांनी वेढलेलं तळं. पाणी साधारण ४१ अंशांचं, तळाशी वाळू-खडी. इथे फक्त १८ वर्षांवरच्यांना प्रवेश आहे. मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी आत छताखालचा तरणतलाव आहे. मग आई-वडिलांनी पाळी लावून बाहेर जावं लागतं. खोली घेणाऱ्यांना तळ्याचा वापर मोफत असतो का, किती दिवस, हे बुकिंग करतानाच विचारा.

पोहण्याचाच पोशाख घालावा लागतो. साडी, सलवार-कमीज किंवा सुती टी-शर्ट घालून उतरता येत नाही. ज्या बायकांना उघडा पोशाख नको, त्यांनी पूर्ण बाह्यांचा, पायघोळ लायक्राचा स्विमसूट इथूनच घेऊन जावा. तो घालून बसलेल्याकडे तिथे कुणी वळूनही बघत नाही. पाण्यात गंधकाचा अंश आहे, वासही थोडा येतो. चांदीची जोडवी आणि पैंजण काळे पडतात. ते काढून खोलीतल्या बॅगेत ठेवा. मंगळसूत्राच्या सोन्याला सहसा काही होत नाही, पण गाठवलेल्या दोऱ्यात पाणी मुरतं.

पहिल्या दिवशीचा क्रम असा ठेवा. पोचल्यावर दोन ग्लास पाणी प्या आणि हलकं काही खा. शॉवर घेऊन सावकाश उतरा, आधी कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काठावर येऊन बसा. हवा थंड असल्यानं पाच मिनिटांत पुन्हा आत जावंसं वाटतं, जा. असे तीन फेरे पुरे. डोकं पाण्याखाली घालू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी गोव्यातल्या आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये. आधी दोन पेग घेऊन उतरण्याची हौस अनेकांना असते. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, त्यात दारू, आणि उठताना भोवळ येते. फेणीची बाटली नेली असेल तर ती झोपण्यापूर्वीसाठी.

बाहेर पडताना केस चटकन पुसून टोपी घाला. कपडे बदलण्याच्या खोलीपासून तळ्यापर्यंत जाताना रबरी चप्पल लागते, आणि टॉवेल जवळ ठेवा, दूर खुंटीला टांगलात तर थंडीत तो आणायला जावं लागेल. तळं मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी सातला अंधार पडू लागतो. आठ ते दहा पाण्यात, मग गरम कपडे घालून अरोराची वाट बघायला, असा दिवस नीट बसतो.

अरोरा कसा बघायचा

तळ्यात बसूनही तो दिसतो, आणि ते स्वप्न बऱ्याच जणांचं असतं. पण वाफ आणि दिवे दोन्ही आड येतात, त्यामुळे भरवसा फक्त त्यावर ठेवू नका. इमारतींच्या दिव्यांपासून दूर जाऊन उत्तर आणि ईशान्य आकाश मोकळं दिसेल अशी जागा संध्याकाळच्या उजेडातच हेरून ठेवा. रात्री डोंगरावर नेणारी सहल असेल तर एक रात्र त्यासाठी ठेवा.

अंदाजासाठी फेअरबँक्समधल्या अलास्का विद्यापीठाच्या जिओफिजिकल इन्स्टिट्यूटचं संकेतस्थळ बघा. केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा, शून्य ते नऊ असतो. दक्षिणेकडच्या देशांत पाच-सहा लागतो, फेअरबँक्स थेट अरोराच्या पट्ट्याखाली असल्यानं एक-दोनलाही काम होतं. म्हणून केपीपेक्षा ढगांचा अंदाज महत्त्वाचा. ढग असले तर नऊसुद्धा निरुपयोगी.

फोटोत दिसतो तेवढा हिरवा प्रकाश डोळ्याला नेहमी दिसत नाही. फिकट असताना तो राखी ढगाच्या पट्ट्यासारखा वाटतो. शंका आली तर फोन वर धरून नाइट मोडमध्ये फोटो काढा, हिरवा आला की समजा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, त्या वेळात फोनचा पडदा बघत बसू नका. हलकं तिकाटणं (ट्रायपॉड) न्या, कारण तीन ते दहा सेकंद फोन न हलवता ठेवायचा असतो. बॅटरी थंडीत झपाट्यानं उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा, पॉवर बँकही. आणि बाहेरच्या थंडीतून थेट गरम खोलीत आलात की लेन्सवर लगेच धुकं धरतं, कॅमेरा आत आणण्याआधी पिशवीत बंद करा आणि हळूहळू गरम होऊ द्या.

दिवसा काय

ऑरोरा आइस म्युझियम हे बर्फात कोरलेलं दालन वर्षभर उघडं असतं. ते थंड ठेवणारं यंत्र झऱ्याच्या उष्णतेवरच चालतं, ही त्यातली गंमत. २००६ पासून इथली वीजही झऱ्यावर होते. चौऱ्याहत्तर अंशांचं पाणी वीज करायला फारच थंड मानलं जातं, पण त्यांनी पाण्याहून कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरून त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवलं. आधी सगळं डिझेलवर होतं. वीजकेंद्र आणि हरितगृह दाखवणारी फेरी मिळाली तर चुकवू नका. अभियांत्रिकी शिकणारं पोर सोबत असेल तर त्याला हीच जास्त आवडेल. रेस्टॉरंटमधल्या सॅलडची पानं त्याच हरितगृहातली असतात.

चालायचं असेल तर रस्त्यालगत एंजल रॉक्सची साडेपाच किलोमीटरची वाट आहे, चढ खडा पण आटोपशीर. ग्रॅनाइट टॉर्सची २४ किलोमीटरची वाट सरावलेल्यांसाठी. अस्वलं ऑक्टोबरमध्येही जागी असू शकतात. एकट्यानं जाऊ नका, बोलत चला आणि अस्वलासाठीचा फवारा फेअरबँक्समध्ये विकत घ्या. तो विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, परतताना तिथेच कुणाला देऊन या. सप्टेंबरात शिकारीचा हंगाम असतो, म्हणून भडक रंगाचं जॅकेट बरं. परतीच्या दिवशी फेअरबँक्समध्ये वेळ असेल तर विद्यापीठाचं म्युझियम ऑफ द नॉर्थ बघा. तिथे बर्फात टिकून राहिलेला हजारो वर्षांपूर्वीचा बायसन (गव्यासारखा प्राणी) आहे, ब्लू बेब नावाचा.

खाणं, पैसे आणि उरलेलं

उकडे तांदूळ नेण्याचा मोह होईल, नेऊ नका. खापरा किडीमुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ नेण्यावर अमेरिकेत बंदी आहे. चोरीस आणि इतर मांसाचे पदार्थही अडवतात. चिवडा, चकल्या, खाकरे, लोणच्याची बंद बाटली चालते, पण खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा किंवा तोंडानं सांगा. सांगितलेली वस्तू फार तर टाकून द्यावी लागते, न सांगता सापडली तर दंड. रिसॉर्टमध्ये एकच मुख्य रेस्टॉरंट असल्यानं तिथलं जेवण महाग आणि शाकाहारींना तेच ते वाटतं. फेअरबँक्सच्या मोठ्या दुकानातून ब्रेड, अंडी, फळं, झटपट भाताची पाकिटं घेऊन जा. खोलीत मायक्रोवेव्ह आणि किटली आहे का हे आधी विचारा.

अलास्कात राज्याचा विक्रीकर नाही, खोलीवर स्थानिक कर लागतो. जेवणावर पंधरा ते वीस टक्के टिप रूढ आहे. वैद्यकीय विमा अमेरिकेसाठीचा, पुरेशा रकमेचा आणि आधीपासूनचे आजार धरणारा घ्या, यात काटकसर करू नका. रिसॉर्टपासून मोठं रुग्णालय फेअरबँक्सलाच आहे. रोजच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत, चार दिवसांच्या जास्तीच्या.

परतीचं विमान चेनाहून निघण्याच्या दिवशी ठेवू नका. बर्फ पडला की शटल उशिरा येतं, आणि फेअरबँक्सहून सिॲटलची बरीच विमानं पहाटे किंवा मध्यरात्री सुटतात. शेवटची रात्र शहरात काढा. तीन रात्री ढग राहिले असतील तर ही चौथी संधीही मिळते, शहराबाहेरच्या टेकडीवर नेणाऱ्या गाड्या त्याच संध्याकाळी आयत्या वेळीही मिळू शकतात.